मोजणीदाराचा कोट

“ओव रे पटकन! बाई दारात उभ्या आहेत!”

हा आवाज माझ्या कानात पंचेचाळीस वर्षं बिनभाड्याने राहतो आहे. मी सात वर्षांचा, आईच्या मशीनशेजारच्या स्टुलावर, जिभेचं टोक बाहेर, एक डोळा मिटलेला, दुसरा सुईच्या नाकावर. दारात कोणीतरी बाई घाईत उभी. (आईकडे येणारी प्रत्येक बाई घाईतच असायची. ज्यांना घाई नव्हती त्यांना बहुधा कपडेच लागत नसावेत.) दोरा नाकातून पार झाला की आईचे पाय हलायचे, चाक गरगरायचं आणि त्या ठेक्यावर ती गुणगुणायची:

सुई चालली पुढे पुढे, दोरा तिच्या मागे,
कापड निजले मांडीवरी, टाका तेवढा जागे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी, सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत, मी एक ऐतिहासिक कोट शिवला. ‘शिवला’ हे क्रियापद मी इथे सढळ हाताने वापरतो आहे.

त्याचं असं झालं. आमच्या मोजणी खात्याला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. सोमवारी सकाळी साहेबांनी बैठक बोलावली आणि जाहीर केलं की शुक्रवारी दहा वाजता समारंभ, आणि समारंभात खात्याचा आद्य मोजणीदार हुबेहूब उभा करायचा. त्याचा फोटो द्विशताब्दी ग्रंथाच्या पहिल्या पानावर. पूर्ण पान.

आता या आद्य मोजणीदाराचं तैलचित्र गेली एकोणतीस वर्षं माझ्याच टेबलामागच्या भिंतीवर लटकतं आहे. गुडघ्यापर्यंत तपकिरी कोट, ताठ कॉलर, हातात मोजणीची साखळी आणि चेहऱ्यावर जगातली सगळी जमीन वाकडी असल्याचं दुःख. माझं नाक त्याच्यासारखं आहे असं लोक म्हणतात. मी ते कधी नाकारलेलं नाही.

आणि फोटोचं म्हणाल, तर खात्याच्या प्रत्येक सामूहिक फोटोत मी अर्धा आहे. कुठे एक कान, कुठे कोपर, एका फोटोत नुसती सावली. रांग सरळ आहे का हे बघायला दरवेळी मलाच बाहेर काढतात आणि मी परत जागेवर पोहोचेपर्यंत फोटोवाला “झालं!” म्हणतो. एकोणतीस वर्षांत खात्याकडे माझा सगळा मिळून एक माणूस जमत नाही. स्वेच्छानिवृत्तीला सहा महिने उरले होते. पूर्ण पान! हे पान हातचं गेलं, तर मी या कचेरीत होतो याला पुरावा म्हणून एक कान तेवढा राहणार होता.

“माझ्याकडे सेनापतीचा पोशाख तयार आहे,” आवक-जावकवाला म्हणाला. हा गृहस्थ हौशी नाटकांत कामं करतो आणि कागद पुढे सरकवतानाही दोन पावलं मागे जाऊन सरकवतो. “टिकल्या काढल्या की झालं.”

“चित्रातल्यासारखाच हवा,” साहेब म्हणाले.

“मी घरी शिवतो,” कोणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं की तो मी होतो.

“तुम्ही? शिवता?”

“घरात मशीन आहे, साहेब. आणि मोजणीत आपला हात कोण धरणार?”

साहेबांनी चष्मा काढला. “शुक्रवारी साडेनऊला तुमच्या दारात जीप येईल. कोट असेल तर तुम्ही बसा. नसेल तर ती तशीच पुढे यांच्या घरी जाईल.” आवक-जावकवाल्याने तिथल्या तिथे मान किंचित लववली, पडदा पडल्यासारखी.

कापडासाठी मी रीतसर अर्ज केला. दुपारी तो भांडार विभागातून परत आला. शेरा होता: ‘कोट हा गणवेश की सजावट, याचा खुलासा व्हावा.’ गणवेश असेल तर सगळ्या मोजणीदारांना द्यावा लागेल, आणि सजावट असेल तर ती भिंतीला ठोकलेली हवी. मी भांडारप्रमुखांसमोर उभं राहून म्हटलं, “मी समारंभभर भिंतीला पाठ लावून उभा राहीन.” त्यांनी शांतपणे दुसरा शेरा मारला: ‘अर्जदार हा भिंतीचा भाग असल्याचा दाखला जोडावा.’

मंगळवारी सकाळी मी स्वतःच कापड आणलं. जाड, लोकरी, तपकिरी. दुकानदाराने ताग्याची फळी रिकामी करून दाखवली. “शेवटचं टोक आहे. यापुढे बोटभर मागाल तर नाही.” बटणंही तिथेच घेतली, अकरा. बारावं त्याच्याकडे नव्हतं.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे डोकावलो. शिवायचं धाडस मी केलं होतं, पण आयत्या वेळी कोणी ते काढून घेतलं तर माझी हरकत नव्हती. शाळा सुरू होणार होत्या. गणवेशांच्या ढिगात त्याचे फक्त डोळे दिसत होते.

“पुढच्या महिन्यात या.”

“समारंभ शुक्रवारी आहे.”

“मग मागच्या महिन्यात यायचं होतं.”

“मोजणी मी करून देतो. तुम्ही नुसतं शिवा.”

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “साहेब, जमीन पडून राहते. माणूस श्वास घेतो.” मग म्हणाला, “आई काय म्हणतात? त्यांच्या हातचा मुंढा या भागात अजून कोणाला जमलेला नाही. बाही अशी बसायची, जशी काही खांद्यालाच फुटली आहे.”

“आई आता शिवत नाही,” मी जरा ताठ होऊन म्हणालो.

“हो. ऐकलंय,” तो म्हणाला आणि टाचण्या परत तोंडात गेल्या.

ऐकलेलं असणारच. ती गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की ती आता माझ्याशिवायही फिरते. माझा पहिला पगार झाला त्या संध्याकाळी मी एक जाड हिरवा टेबलक्लॉथ घेऊन घरी आलो. दारात एक बाई पिशवी घेऊन उभी होती. मी तिला पायरीवरूनच सांगितलं, “आजपासून माझी आई लोकांचे कपडे शिवणार नाही.” मग आत जाऊन तो टेबलक्लॉथ मशीनवर अंथरला आणि वर फुलदाणी ठेवली. आईने टेबलक्लॉथची कड उचलली. तिने पदराने चाकावरचं तेल पुसलं. “तिचे डोळे भरून आले होते,” हे वाक्य सांगताना मी नेहमी थोडा थांबतो. ऐकणारेही थांबतात. एकदा निरोप समारंभात ही गोष्ट सांगितली, तर ज्याचा निरोप होता तो बाजूला राहिला आणि हार मला मिळाला.

असो. मंगळवारी संध्याकाळी मी फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ घडी करून खुर्चीवर ठेवला आणि एकोणतीस वर्षांनी मशीन उघडं केलं. चाकाला बोट लावलं. ते लोण्यासारखं फिरलं. कुठे गंज नाही, कुठे कुरकुर नाही.

“जुन्या लोखंडाची जातच वेगळी!” मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

“लोखंडाला तेल लागतं,” बायको म्हणाली. “दर महिन्याला तेलाची बाटली कुठून येते नि कुठे जाते, कधी विचारलंत?”

पण मला तेव्हा तेलाचं काय? माझ्या डोक्यात प्रमाण चाललं होतं. चित्रातल्या साखळीच्या कडीची लांबी खात्यात प्रत्येकाला पाठ असते. सोमवारीच स्टुलावर चढून मी चित्रातली कडी मोजली होती आणि तिच्यावरून सगळ्या कोटाचं प्रमाण काढलं होतं. त्या हिशेबाने आद्य मोजणीदाराचे हात गुडघ्याच्या खाली येत होते. म्हणजे एकतर तो भलत्या कुळातला होता, नाहीतर चित्रकाराने कडी अंदाजे काढली होती. खात्याचा मान राखून मी चित्रकाराला दोष दिला आणि बायकोसमोर हात पसरून उभा राहिलो.

“श्वास सोडा,” ती टेप धरून म्हणाली.

“सोडलाय.”

“पोट आत ओढलंय तुम्ही.”

“ते तिथेच असतं.”

“लग्नापासून बघते आहे कुठे असतं ते.”

छातीची मोजणी दोनदा झाली आणि दोन्हींत चार बोटांचा फरक आला. हद्दीच्या वादात आम्ही नेहमी आधीची नोंद ग्राह्य धरतो. मी श्वास रोखलेली नोंद धरली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे गुरुजी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण शिकवणं राहिलं. ते आता जिन्यात शिकवतात. “बटणं किती?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“चित्रात बारा आहेत. मी मोजली सोमवारी. पण मिळाली अकरा.”

“बारा म्हणजे बाराच! वर्षाचे बारा महिने मोजणी करणारा माणूस तो. प्रतीक आहे. एक बटण कमी म्हणजे एक महिना रजा. आणि मागे काय?”

“मागे कुठे?”

“कोटाच्या मागे. चुण्या की चीर?”

मी चित्र आठवून बघितलं. चित्रात आद्य मोजणीदार समोरून उभा होता. दोनशे वर्षं तो आमच्याकडे तोंड करून होता आणि त्याच्या पाठीचा कोणी विचारच केला नव्हता.

“चीरच असणार,” गुरुजी म्हणाले. “घोड्यावर बसायचा. चीर नसेल तर बसताना कोट फाटला असता.”

“घोडा होता त्याच्याकडे?”

“नसेल तर चालत जायचा. तरी चीर हवीच, ढांगा टाकायला.”

चिरेपर्यंत तरी मी पोहोचेन का, हाच प्रश्न होता.

बुधवारी दोन दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं: ‘कोट’. जमिनीवर कापड पसरलं, खडू घेतला आणि खरं सांगतो, आयुष्यात एवढा सुंदर नकाशा मी काढला नव्हता. पाठ म्हणजे गट क्रमांक एक. पुढचे दोन भाग, गट दोन आणि तीन. बाह्या चार अ आणि चार ब. कॉलर हा पोटहिस्सा. एका गटाची हद्द संपते तिथेच दुसऱ्याची सुरू. मध्ये बांध नाही, वाट नाही, पडीक जागा नाही. मग कात्री घेतली आणि रेघेवरून, बरोब्बर रेघेवरून कापत गेलो. आमच्या खात्यात रेघेला जाडी नसते. रेघेला बोटभर जाडी दिली तर दोन सख्खे भाऊ कोर्टात जातात.

आई तिच्या खुर्चीवर होती. कात्री चालू झाली तशी ती खोकली. मी पाठ कापली, ती खोकली. बाही कापली, ती दोनदा खोकली. एकदा तिचा हात मांडीवरून उठला, हवेत थांबला आणि परत मांडीवर जाऊन बसला. मी उठून तिला खोकल्याचं औषध दिलं. ती औषधाकडे बघत राहिली, मग निमूटपणे प्यायली.

“आईला डॉक्टरकडे न्यायला हवं,” मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. “खोकला वाढतो आहे.”

“कात्री थांबवा,” ती म्हणाली. “खोकला थांबेल.”

बायको कधी कधी असं अगम्य बोलते. मी बाहेर येऊन आईला म्हणालो, “तू नुसती बस, आई. तू आयुष्यभर पुरेसं केलंस.” ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, झोप आली असेल.

कापून झाल्यावर उरलेली कापडं गोळा केली. पोस्टाच्या तिकिटाएवढे तीन तुकडे! मी ते गुरुजींना वर नेऊन दाखवले. एवढी कमी नासाडी कोणा शिंप्यानेही केली नसेल.

आणि मग शिवण सुरू झाली.

त्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून बोटं दुखतात. पहिली टीप मारली तेव्हा दोरा तुटला. दुसरी मारली तेव्हा सुई तुटली. तिसरी सरळ गेली, शेवटपर्यंत गेली, आणि मी आनंदाने कोट उचलला तर माझा सदराही बरोबर उठला. संध्याकाळपर्यंत गट चार ब गट तीनच्या आतल्या अंगाला जोडला गेला होता. बाहीत हात घातला की तो खिशातून बाहेर यायचा. ते उसवलं. उसवलं तशी कड झिजली. कड झिजली म्हणून पुढची टीप आणखी आतून घेतली. ती वाकडी गेली म्हणून ती उसवली. असं करता करता गुरुवारी दुपारी माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली: कोट दर तासाला लहान होत होता. मी शिवत होतो आणि तो संपत होता.

“आहे ना तेवढाच?” मी बायकोला विचारलं.

“कशापेक्षा?” ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता कोट तयार झाला. बायको, गुरुजी आणि आई समोर बसले. मी डावा हात घातला. गेला. उजवा घातला. अर्धा गेला. गुरुजींनी मागून ढकललं आणि तोही गेला, पण त्यानंतर माझे दोन्ही हात समोर सरळ ताठ उभे राहिले, अंधारात भिंत शोधणाऱ्या माणसासारखे. ते खाली येईनात. पुढचे दोन भाग एकमेकांकडे बघत होते, पण भेटण्याची शक्यता दिसत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मला तो उचलता येईना. बायकोने माझ्या कानाला लावला.

“तयार आहे ना कोट?” साहेब.

“आहे, साहेब.”

“बसला का नीट?”

“घट्ट बसला, साहेब.”

“शाब्बास. आज चित्र साफ करून घेतलं. फार छान दिसतंय. अकरा बटणं अगदी चमकताहेत.”

“बारा, साहेब.”

“अकरा. बारावी माशी होती. फडकं मारलं, उडून गेली.”

मी चमकून खांदे उडवले. मला एवढंच आठवतं की पाठीमागे कॉलरपासून कमरेपर्यंत काहीतरी लांबलचक बोललं, आणि माझे हात एकदम मोकळे झाले.

“मी म्हटलंच होतं,” गुरुजी हळूच म्हणाले, “मागे चीर होती.”

आईचे ओठ हलले.

“आई, आता तू काही बोलू नकोस!” मी ओरडलो.

ओरडलो, हे लिहितानाही बरं वाटत नाही. पण लिहायलाच हवं. तिने ओठ मिटले. एकोणतीस वर्षं ती ज्या सवयीने ओठ मिटत होती त्याच सवयीने, हे मला नंतर कळलं. मी आत जाऊन साहेबांना चिठ्ठी लिहिली: ‘प्रकृतीच्या कारणास्तव सदर भूमिका आवक-जावक विभागाकडे वर्ग करण्यात यावी.’ जीपवाल्याच्या हाती द्यायची, म्हणून घडी घालून उशाशी ठेवली.

शुक्रवारी सकाळी सहाला उठून बाहेर आलो. आई मशीनपुढे बसली होती. अंघोळ झालेली, चष्मा चढवलेला, पदर खोचलेला. कोट मांडीवर होता. कात्री हातात होती, पण मिटलेली. किती वेळ अशी बसली होती कोण जाणे.

“आता बोलू का?” तिने विचारलं.

मी स्टूल पुढे ओढलं. “बोल ना.”

“रेघेवर कापलंस.”

“हद्द तिथेच होती.”

“हद्द तिथेच असते. कात्री तिच्या बाहेरून चालते, बोटभर सोडून. शिवण कापड खाते, बाळा. तिला खायला काही ठेवावं लागतं.”

पन्नाशी उलटलेल्या मोजणीदाराला एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. “मग बुधवारीच का नाही...”

“किती वाजता येणार गाडी?”

“साडेनऊ.”

“दोरा ओव,” ती म्हणाली.

मी स्टुलावर बसलो. जिभेचं टोक बाहेर आलं. आता एक डोळा मिटून भागेना. चष्मा कपाळावर सरकवावा लागला. तिसऱ्या खेपेला दोरा गेला. तोवर तिने माझ्या दोन दिवसांच्या सगळ्या टिपा उसवून टाकल्या होत्या. भाजी निवडावी तसे धागे बाजूला पडत होते.

“दोन्ही बगलांत कळ्या घालाव्या लागतील. कुशींना पट्ट्या. पाठीला मधोमध एक रुंद पट्टी. उरलेलं कापड दे.”

मी पोस्टाची तीन तिकिटं पुढे केली. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग खोलीभर नजर फिरवली. ती नजर खुर्चीवर येऊन थांबली. खुर्चीवर हिरवा टेबलक्लॉथ होता.

“हा चालेल?”

“तो...” मी म्हणालो. “आई, तो माझ्या पहिल्या पगाराचा आहे.”

“माहीत आहे. जाड आहे. रंगही पक्का आहे. इतक्या वर्षांत जरा उडाला नाही.”

घड्याळात सव्वासात झाले होते. आई माझ्याकडे बघत होती. तिला माझी परवानगी हवी आहे, हे समजायला मला थोडा वेळ लागला. आणि समजल्यावर तिच्याकडे बघवेना.

“काप,” मी म्हणालो.

कात्री टेबलक्लॉथमध्ये शिरली. खोकला नाही की काही नाही. मशीन सुरू झालं आणि तो आवाज घरात असा पसरला, की बायको पीठ लागलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. चाक फिरत होतं, हिरव्या कळ्या तपकिरी बगलांत जाऊन बसत होत्या, आणि मध्येच मला ऐकू आलं, ‘सुई चालली पुढे पुढे’. हे गाणं मी एकोणतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते थांबलं कधी, हेही मला आठवत नव्हतं. मोजणी करणारा माणूस मी, आणि घरातून अख्खं गाणं गेलं तरी नोंद नाही.

आठ वाजता गुरुजी हातात जाडजूड पुस्तक घेऊन आले. “बारा बटणांचा आधार सापडला! हे बघा, पान...”

“गुरुजी, बसा,” आई टाचण्या तोंडात धरून म्हणाली. “ही बाही धरा. अशी नाही. बाळाला धरतात तशी.”

गुरुजींनी पुस्तक खाली ठेवलं आणि बाही छातीशी धरली. पस्तीस वर्षं त्यांना कोणी ‘बसा’ म्हटलं नसावं. ते एकदम शहाण्या मुलासारखे बसले.

“अकरा की बारा?” बायकोने सुईत दोरा घालत विचारलं.

“आहेत तेवढी लाव गं,” आई म्हणाली.

पावणेनऊ. काजं राहिली होती. अकरा काजं, हाताने. आईची बोटं चालत होती आणि मी दोरे ओवून तयार ठेवत होतो, एकामागून एक. तेवढंच मला येत होतं आणि तेवढंच मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीही येत होतं. सातव्या काजाला तिचं बोट टोचलं. मी म्हणालो, “आई, राहू दे.” ती म्हणाली, “मध्ये बोलू नकोस.” नऊ वाजून दहा. नववं काज. नऊ वाजून वीस. मी कोट घातला. हात आत गेले आणि खालीही आले. बटणं लागली. मी श्वास घेतला, पूर्ण, पोटासकट. कोटानेही माझ्याबरोबर श्वास घेतला.

“वा!” गुरुजी माझ्याभोवती फिरून म्हणाले. “कुशीला हिरव्या पट्ट्या! त्या काळी अशाच असायच्या. हिरवा म्हणजे शेत, तपकिरी म्हणजे माती. प्रतीक आहे!”

तो फोटो आज ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे. त्यात मी पूर्ण आहे, दोन्ही कानांसकट. फक्त माझी नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी भलतीकडेच लागली आहे. साहेब पाहुण्यांना सांगतात, आद्य मोजणीदार न मोजलेल्या जमिनीकडे बघतो आहे. त्यांना काय ठाऊक, निघायच्या आधी पाच मिनिटं काय झालं ते.

पाठीच्या पट्टीचं खालचं टोक तेवढं राहिलं होतं. “अंगावरच घालते टाके,” आई म्हणाली. “हलू नकोस.” ती माझ्या मागे बसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता; फक्त सुई आत-बाहेर होताना कापड किंचित ओढलं जात होतं. खाली जीपचा हॉर्न वाजला.

“आई,” मी समोरच्या भिंतीला म्हणालो, “तुला परत मशीनवर बसू देणार नाही असा शब्द दिला होता मी. आज मोडला. दमवलं तुला.”

कापड ओढलं जायचं थांबलं.

“त्या दिवशी दारात कोण उभं होतं, आठवतं?”

“कोणीतरी बाई.”

“तिच्या लेकीला पहिलं बाळ व्हायचं होतं. सहा झबली सांगितली होती तिने. मी सकाळीच कापून ठेवली होती, सहाही. नुसती टीप मारायची राहिली होती. अजून ट्रंकेत आहेत. ते बाळ आता तुझ्यासारखं नोकरीला लागलं असेल.”

हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांब. बायको म्हणाली, “थांबायला सांगते,” आणि ती खाली धावली.

“आई, तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू किती खुशीत होतास. जो भेटेल त्याला सांगत होतास, आई दमली, आई दमली.” शेवटचा टाका पडला. तिने दाताने दोरा तोडला आणि दोन्ही तळहात माझ्या पाठीवर ठेवून शिवण वरपासून खालपर्यंत सपाट केली.

“मी दमले नव्हते रे,” ती म्हणाली. “मला ते आवडायचं.”